डॉक्टरांनी चालायला सांगितलंय

प्रश्न : वय ५२. तपासणीत एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, चाला. मुलानं परस्पर जिमचे वर्षाचे पैसे भरून टाकले. सतरा दिवस गेलो, मग बंद. आता घरात रोज विषय निघतो आणि रोज मी चिडतो. मला इच्छाशक्तीच नाही, असं समजायचं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ते सतरा दिवस तुम्ही मुलाच्या इच्छाशक्तीवर गेलात. ती संपली आणि जाणं थांबलं. यात आळसाचा भाग थोडाच आहे.

आधी आकड्याचं बोलू. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पातळी. इथून मागे फिरता येतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं साखर वाढू लागलेल्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नुसता जुजबी सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार बदलून रोज अर्धा तास चालण्यासाठी ज्यांचा पाठपुरावा केला, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के होतं. म्हणजे चालण्यातून (किंवा तशाच दुसऱ्या व्यायामातून) सुटका नाही. ते कुठे, केव्हा आणि कसं, एवढं मात्र तुमच्या हातात आहे, आणि ते तुमच्याच हातात राहायला हवं.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या प्रेरणेवर अनेक दशकं काम केलं. माणूस एखादी गोष्ट कुणाच्या धाकानं करतो, नाहीतर मनाला खाणाऱ्या अपराधीपणातून करतो, पटली म्हणून करतो किंवा आवडते म्हणून करतो. पहिल्या दोन कारणांवर सुरू झालेली सवय चार दिवस चालते आणि बारगळते. ‘पटली’ एवढ्यावरही ती टिकते. चालणं आवडलंच पाहिजे, अशी सक्ती स्वतःवर करू नका.

आता करायचं काय? कागदावर तीन पर्याय लिहा : चालणं, सायकल, पोहणं, बॅडमिंटन, काहीही. जे घरापासून दहा मिनिटांत गाठता येत नाही, एकट्याला जमत नाही किंवा पावसाळ्यात बंद पडतं, ते खोडा. उरेल त्यातलं एक तुम्ही निवडा, मुलगा नव्हे. मग एकच वाक्य लिहा, पण ते वेळ आणि जागेसकट : ‘रात्री जेवणाचं ताट उचललं की चपला घालून कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत जाऊन येईन.’ हे पोरकट वाटेल. पण ब्रिटनमधल्या २४८ विद्यार्थ्यांच्या २००२ सालच्या अभ्यासात, पुढच्या आठवड्यात व्यायाम कधी आणि कुठे करणार हे ज्यांच्याकडून लिहून घेतलं, त्यांच्यापैकी ९१ टक्के लोकांनी तो केला. हृदयरोगाची माहिती वाचून भारावलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी केला आणि ज्यांना यातलं काहीच दिलं नाही त्यांच्यापैकी ३८ टक्क्यांनी! उपदेशाचा उपयोग एवढाच.

जेवणानंतरची वेळ मुद्दाम सुचवली आहे. तेव्हा रक्तात साखर चढत असते आणि चालणारे स्नायू ती तिथल्या तिथे ओढून घेतात. पहिले दोन आठवडे फक्त १० मिनिटं, मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत ३० पर्यंत. बहुतेकांचं चुकतं ते इथेच : पहिल्याच दिवशी पाऊण तास, तिसऱ्या दिवशी गुडघा, पाचव्या दिवशी ‘सोमवारपासून बघू’. पाऊस आला तर घरातच दहा मिनिटं येरझाऱ्या, हेही आधीच ठरवून ठेवा.

‘२१ दिवसांत सवय लागते’ हे विसरा. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्यानं विशेष बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट चालून करू नका.

आणि मुलाला सांगा, ‘रविवारी सोबत ये, पण आज गेलात का हे विचारू नकोस.’ जिमचे पैसे गेले, ते गेले.

प्रश्न : सकाळी सहापासून झाडणं-पुसणं, धुणं, पाणी भरणं. सासूबाई म्हणतात, घरकामातच व्यायाम होतो. डॉक्टर म्हणतात, वेगळा करा. खरं काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोघांचंही अर्धं खरं. परीक्षा सोपी आहे : काम करताना बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, इतका श्वास वाढला तर तो व्यायाम. फरशी पुसणं, चादरी हातानं पिळणं, कळशी घेऊन जिना चढणं यात बसतं. ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटणं बसत नाही, पाय कितीही दुखोत. असा व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटं व्हावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमचा बहुधा होतोच.

मात्र तो व्यायाम आहे हे तुम्ही मानता का, यानंही फरक पडत असावा. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ आलिया क्रम आणि एलन लँगर यांनी २००७ साली हॉटेलांत खोल्या साफ करणाऱ्या ८४ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून थोड्या अधिक जणींना सांगितलं, ‘तुमचं काम हा चांगला व्यायाम आहे,’ आणि कोणत्या कामात किती कॅलरी जातात तेही दिलं. चार आठवड्यांनी त्यांचं वजन किलोभरानं आणि वरचा रक्तदाब सुमारे १० अंकांनी उतरला होता. काम वाढवलं नाही, असं त्या म्हणाल्या. अभ्यास लहान आहे, आणि नकळत त्या जास्त जोरानं पुसू लागल्या असतील ही शंका उरतेच. त्यामुळे यावर इमला बांधू नका. पण ‘मी काहीच व्यायाम करत नाही’ हे म्हणणं आजपासून सोडा. ते खोटं आहे.

घरकामात राहून जातो तो स्नायूंचा ठरवून केलेला व्यायाम. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठायचं आणि सावकाश, तीन मोजत बसायचं : १० वेळा, मिनिटभर थांबून पुन्हा १०. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा. मग भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून, तळवे टेकून कोपर वाकवायचे : १० वेळा, दोनदा. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सहज जमू लागलं की भिंतीऐवजी ओट्याची कड धरा.

एक गोष्ट सासूबाईंनीही वाचावी. घरकाम कुणी निवडलेलं नसतं, ते वाट्याला येतं. वर सांगितलेल्या अभ्यासाचा आधार घेऊन सुनेची ही दहा मिनिटं कापू नयेत.

प्रश्न : वय २९. मनगटावरचं घड्याळ रोज झोपेचे गुण देतं. ६० च्या खाली आले की दिवसभर डोकं जड. झोप सुधारायला घेतलं होतं, आता झोपायचीच भीती वाटते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : झोपेच्या गुणांपायी झोप घालवण्याच्या या प्रकाराला अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१७ साली ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावच दिलं. घड्याळ हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं. गाढ झोप किती झाली हे नेमकं कळायला डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी मोजाव्या लागतात. आणि डोकं जड होण्याचं कारण तो आकडाच असू शकतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना त्यांच्या झोपेचे बनावट आकडे दिले. ‘चांगली झाली’ असं ऐकलेल्यांनी नंतरच्या चाचण्यांत अधिक गुण मिळवले.

दोन आठवडे घड्याळ रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा. उठण्याची वेळ एकच, रविवारीही. पडून साधारण वीस मिनिटं झाली (अंदाजानंच, घड्याळ बघून नव्हे) आणि झोप नसेल तर उठा, मंद दिव्यात बसा, डोळे मिटू लागले की परत या. सकाळी चहाआधी वहीत एकच शब्द : बरी, ठीक किंवा वाईट. मात्र मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास अडकणं किंवा दिवसा गाडी चालवताना डुलकी हे असेल, तर तो मनाचा खेळ नाही. डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : यांचं वजन वाढलं म्हणून मी पथ्याचं वेगळं शिजवते. हे दोन घास खाऊन उठतात आणि बाहेर वडापाव खातात.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ‘पथ्याचं’ हे नावच भूक ठेवतं. २०११ सालच्या एका प्रयोगात एकच ३८० कॅलरीचा मिल्कशेक एकदा ‘चैनीचा, ६२०’ आणि एकदा ‘बेताचा, १४०’ असं सांगून प्यायला दिला. चैनीचा समजून प्यायल्यावर भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक जास्त उतरलं. तेव्हा वेगळं शिजवू नका. सगळ्यांसाठी तेच करा, त्याला झणझणीत फोडणी द्या (तेल मोजून, माणशी एक चहाचा चमचा) आणि ‘मटकीची उसळ की पिठलं?’ एवढं त्यांना ठरवू द्या. वडापाव बंद करू नका. आठवड्यातला वार त्यांनीच ठरवावा.

प्रश्न : मन खंबीर केलं तर रक्तदाबाची गोळी सोडता येईल?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. मनाचा प्रभाव दुखणं, मळमळ, थकवा अशा जाणिवांवर जास्त दिसतो. बॉस्टनमध्ये आतड्याच्या तक्रारी असलेल्या ८० रुग्णांपैकी काहींना ‘यात औषध नाही’ असं स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांत त्यांना गोळ्या न मिळालेल्यांपेक्षा जास्त आराम पडला. तो अभ्यास २०१० सालचा. पण वाढलेला रक्तदाब मुळात जाणवतच नाही. त्यामुळे ‘बरं वाटतंय’ हा त्याचा पुरावा होऊ शकत नाही.

चालणं, मीठ कमी करणं, वजन उतरवणं यांनी गोळी कमी होऊ शकते. ते मोजून ठरवा. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, दंड छातीच्या पातळीवर घेऊन पाच मिनिटं गप्प बसा. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. घरी १३५/८५ च्या खाली राहत असेल तरी गोळी चालू ठेवूनच वही डॉक्टरांपुढे ठेवा.