सीतेची वेणी नागपुरात: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मार्चमध्ये सीतेच्या वेणीचं रोप आणलं. कोकोपीट आणि माती अर्धी-अर्धी भरून प्लास्टिकच्या कुंडीत लावलं, रोज सकाळी पाणी घातलं. खालची पानं पिवळी पडून गळताहेत आणि मुळं काळी पडली आहेत. नागपूरचं ऊन सोसत नसेल का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर: मुळं काळी पडली म्हणजे दोष उन्हाचा नाही, कुंडीचा आहे. सीतेची वेणी (रिन्कोस्टायलिस रेटुसा) ही ऑर्किड सह्याद्रीत आणि ईशान्येच्या दमट जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढते. तिची मुळं बोटाएवढी जाड असू शकतात आणि ती हवेत लोंबतात. त्यांच्यावर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना ते चंदेरी पांढरं दिसतं, पाणी पडलं की बघता बघता हिरवं होतं. जंगलात पाऊस पडतो आणि थोड्या वेळात वारा मुळं सुकवतो. तुमच्या कुंडीत ती दिवसेंदिवस ओली राहिली, हवा मिळाली नाही, म्हणून कुजली.

रोप आजच बाहेर काढा. ब्लेड ज्योतीवर तापवून, गार करून घ्या आणि दाबल्यावर पिचकणारी सगळी मुळं टणक भागापर्यंत कापा. कापलेल्या टोकांवर दालचिनीची पूड दाबा. चांगल्या मुळांवर ती सांडू देऊ नका, ती मुळं सुकवते. रोप एक दिवस सावलीत उलटं टांगा. मग सागवानी पट्ट्यांची ६ इंची टोपली घेऊन तिच्यात १ ते दीड इंचाचे लाकडी कोळशाचे तुकडे सैल टाका. कोळसा आधी धुऊन रात्रभर भिजवलेला असावा. बुंधा कोळशात पुरायचा नाही, नुसता टेकवून सुती पट्टीनं बांधायचा. रोप हललं तर नव्या मुळांची कोवळी हिरवी टोकं घासून मरतात, तेव्हा गाठ पक्की हवी.

पाणी द्यायचं ते वेळापत्रक बघून नाही, मुळं बघून. ती पांढरी झाली की टोपली १० मिनिटं बादलीत बुडवा. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत हे पहाटे आणि सूर्यास्तानंतर असं दोनदा करावं लागेल. पावसाळ्यात दोन दिवस उघडीप असेल तरच. थंडीत तीन-चार दिवसांतून एकदा, तेही सकाळी १० नंतर, म्हणजे रात्रीपर्यंत मुळं कोरडी होतात.

आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पण या रोपाला त्याहून जास्त छळते ती उन्हाळ्यातली कोरडी रात्र. या गटातल्या जाड पानांच्या ऑर्किडची श्वसनछिद्रं रात्री उघडतात आणि हवा कोरडी असली की त्यांतून पाणी उडून जातं. म्हणून नवतपात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) टोपली पूर्वेच्या गॅलरीत, ७५ टक्के ऊन अडवणाऱ्या हिरव्या जाळीखाली, कूलरच्या झोतापासून बाजूला टांगा. झोतासमोर टांगलं तर मुळं तासाभरात सुकतात. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मात्र कधीच घालू नका. पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत साठत जातात. तेच मुळांची टोकं जाळतात. बोअरचं जड पाणी आणि आरओचं वाया जाणारं पाणीही नको. पावसाचं साठवलेलं पाणी सर्वांत उत्तम.

प्रश्न: अंगणातल्या आंब्यावर बांधलं तर आंब्याचा रस शोषेल का? घरचे म्हणतात, हे बांडगूळच आहे.
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर: नाही. बांडगुळाची मुळं लाकडात शिरून पाणी आणि क्षार ओढतात, सीतेची वेणी सालीला नुसती चिकटते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये तिला एपिडेंड्रम या वंशात घातलं होतं, त्या शब्दाचा अर्थच 'झाडावरचं'. आंबा उत्तम आहे, साल खरबरीत आणि उन्हाळ्यातही पानं हिरवी. सागावर बांधू नका, ऐन मे महिन्यात सावली नसते. पेरू आणि निलगिरीची साल सोलून पडते, रोपही तिच्याबरोबर खाली येतं.

जूनचा पहिला दमदार पाऊस झाला की फांदीच्या उत्तर किंवा पूर्व बाजूला सुतळीनं बांधा. पावसाळाभर मुळं साल धरतात. पहिला उन्हाळा मात्र पाइपनं पाणी शिंपडावंच लागेल.

प्रश्न: तीन वर्षं झाली, पानं गर्द हिरवी आहेत, फूल नाही.
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर: तो गर्द हिरवा रंगच सांगतो की उजेड कमी पडतोय. पान पोपटी हिरवं हवं. पावसाळा संपला की जाळी ५० टक्क्यांची करा आणि सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास मिळू द्या. बदल हळूहळू, १५ दिवसांत करा. एकदम उन्हात नेलं तर पानावर पांढरे भाजल्याचे डाग पडतात, ते जात नाहीत. जुलै ते ऑक्टोबर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी साधं पाणी घालून मगच. थंडीत खत बंद. शेणखताची स्लरी नको. फुलोरा साधारण मे-जूनमध्ये पानांच्या बेचक्यातून निघतो. पांढऱ्यावर जांभळ्या-गुलाबी ठिपक्यांची शंभरावर फुलं एका वेणीत दाटतात. आसामचं हे राज्यफूल, तिथे 'कोपौ'. बिहूत नाचणाऱ्या मुली ते केसांत माळतात.

प्रश्न: ऑगस्टमध्ये मधलं पान हातात उपटून आलं, बुडाशी तपकिरी आणि वास येतो.
— एक वाचक, नंदनवन

उत्तर: शेंडा कुजला. पानांच्या बेचक्यात पाणी रात्रभर साचलं की असं होतं. कुजका भाग निरोगी हिरव्यापर्यंत कापा, कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेब या बुरशीनाशकांचं मिश्रण लिटरला २ ग्रॅम फवारा आणि आठवडाभर पावसाआड, वाऱ्यावर ठेवा. शेंडा गेला तर रोप वर वाढणार नाही, पण खोड टणक असेल तर बगलेतून नवा फुटवा येऊ शकतो, तेव्हा लगेच फेकू नका. पुढच्या पावसाळ्यात टोपली किंचित तिरपी टांगा. पाणी आपोआप निथळेल.