आईवडिलांना घेऊन कमी पैशांत लंडन पाहता येतं का? की न गेलेलंच बरं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की पाच दिवस आहेत, आईबाबा सोबत आहेत, पैसे मोजके आहेत आणि मित्र म्हणतात, ‘हात आखडूनच फिरायचं तर त्यांना नेऊच नकोस.’ हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाकडून ऐकलंय. म्हणून लिहायला बसले.

पाहता येतं. न्या त्यांना. मित्रांना विचारत बसू नका.

सप्टेंबर 2024 मध्ये मी आईला सहा दिवस लंडनला घेऊन गेले. आई तेव्हा 68 वर्षांची. सोलापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत तिने 31 वर्षं भूगोल शिकवला. विमान आणि व्हिसा यांतच निम्म्याहून जास्त पैसे गेले होते आणि पौंड एकशेदहाच्या आसपास होता. म्हणून आम्ही दोघींनी घरीच ठरवलं, दिवसाला एकच मोठा खर्च, आणि तो कशावर करायचा ते आई ठरवणार. त्याआधी दादाने तिला एका टूर कंपनीबरोबर युरोप दाखवून आणला होता. त्यात सगळं होतं, रोज गरम वरणभात होता, आणि पहाटे साडेपाचला बॅगा दाराबाहेर ठेवणंही होतं. दादाने मनापासून केलं होतं, ते मी नाकारत नाही. पण परत आल्यावर आई कशाबद्दल फारसं बोललीच नाही, हे मला खुपत होतं.

तिसऱ्या दिवशी ग्रीनविच. होबर्नहून 188 नंबरची बस पकडली. तिकीट तेव्हा 1.75 पौंड होतं, आणि तासाभरात दुसरी बस बदलली तर तिचे वेगळे पैसे नव्हते. वरच्या मजल्यावर अगदी पुढची काच आम्हाला मिळाली. वॉटर्लू ब्रिजवर बस आल्यावर एका बाजूला सेंट पॉलचा घुमट आणि दुसऱ्या बाजूला पार्लमेंट. आईने पर्समधली तिखटमिठाची पुरी काढली आणि खात खात तासभर नुसती बाहेर बघत राहिली. तेवढ्याच रस्त्याला मेट्रोने निम्मा वेळ लागला असता, आणि दिसला असता बोगदा.

टेकडी चढून वेधशाळेपाशी पोहोचलो तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती. फाटकाबाहेरच्या भिंतीत 1852 सालचं घड्याळ आहे. त्याच्या तबकडीवर चोवीस तास आहेत. शून्य वर आणि बारा खाली. छतावर एका खांबावर लाल चेंडू आहे. 1833 पासून तो रोज दुपारी एकच्या ठोक्याला खाली पडतो, नदीतल्या जहाजांनी त्यावरून आपली घड्याळं लावायची म्हणून. 12.55 ला तो अर्ध्यावर चढला, 12.58 ला टोकाला गेला आणि एकला पडला. त्या क्षणी भिंतीतल्या घड्याळाचा तासकाटा सरळ खाली होता आणि मिनिटकाटा सरळ वर. शेजारची मुलं म्हणाली, घड्याळ बिघडलंय, सहा वाजलेत. आई त्यांच्याकडे वळली आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करत तिने समजावलं, हे घड्याळ बिघडलेलं नाही, यात बारा वाजलेत. उन्हाळ्यात इंग्लंड आपली घड्याळं एक तास पुढे ढकलतं, चेंडूही त्या वेळेप्रमाणे पडतो, पण हे घड्याळ ग्रीनविचची मूळ वेळ सोडत नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आणि आपल्याकडे साडेपाच. आपली वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, दर अंशाला चार मिनिटं. साडेब्याऐंशी गुणिले चार, तीनशे तीस मिनिटं.” फळ्यासमोर उभी असायची तसा आवाज लागला होता तिचा. दर वर्षी मोसंब्यावर बॉलपेनाने रेषा काढून तिने हे रेखावृत्त शिकवलं होतं.

आत अंगणात शून्य रेखावृत्ताची ती प्रसिद्ध रेषा आहे. दोघींच्या तिकिटांचे चार हजारांच्या घरात होत होते. मी पाकीट काढलं. आईने दराची पाटी वाचली, अंगणाच्या फाटकातून आत पाहिलं. रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून फोटो काढायला रांग लागली होती. “रेषा काय अंगणातच संपते का?” असं म्हणून ती घड्याळाजवळच्या लहान दारातून खाली उतरणाऱ्या वाटेने चालायला लागली. तिथे भिंतीवर तीच रेषा पुढे आलीय. तिकीट नाही, रांग नाही. आईने तिच्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मग मी फोनवर होकायंत्र उघडलं, तर तिथे शून्य येईना. रेखांश पाच सेकंद पश्चिम दाखवत होतं (इथे सेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग). मला वाटलं फोनच चुकतोय. आई म्हणाली, थांब, विचार करू. तिने करायला लावलं म्हणून मी तिथेच शोधून वाचलं. ही रेषा जुन्या दुर्बिणीवरून ठरली, आणि ती दुर्बीण त्या जागच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओळंब्याला धरून लावलेली होती. 1884 च्या वॉशिंग्टनच्या परिषदेत बहुतेक देशांनी तीच मान्य केली. उपग्रह मात्र पृथ्वीच्या वस्तुमानाच्या मध्यापासून मोजतात, आणि तिथला ओळंबा नेमका त्या मध्याकडे रोखत नाही. म्हणून आजचं शून्य रेखावृत्त त्या रेषेच्या पूर्वेला 102 मीटरवर पडतं. म्हणजे अंगणाच्या बाहेर, खुल्या बागेत. आई फोन हातात धरून, त्यावरचे सेकंद मोजत निघाली. चार, तीन, दोन, एक, शून्य. आजूबाजूला गवत, कुत्री फिरवणारी माणसं, पाटी काहीच नाही. “इथे,” ती म्हणाली, आणि चप्पल काढून उभी राहिली.

त्या दिवसाचा मोठा खर्च तिने परतीच्या बोटीवर केला. टॉवर ब्रिजच्या खालून आलो.

दिवाळीत दादा सगळ्यांसमोर म्हणाला, “आईला वेधशाळेच्या दारातून परत आणलंस. लंडन आय नाही, मादाम तुसाँ नाही. ऐपत नव्हती तर थांबायचं होतंस, मी नेली असती.” तेव्हा मी गप्प बसले, ते आजही सलतं. म्हणून इथे सांगते. पैसे होते. आईला आत जायचं नव्हतं. तिने जे पाहिलं ते आतल्या रांगेतल्या कुणालाही दिसलं नाही. आईवडिलांना काय आवडतं हे माहीत नसलं की माणूस तिकिटं काढत सुटतो.

आता तुमच्या पाच दिवसांबद्दल. ब्रिटिश म्युझियम, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), नॅशनल गॅलरी यांची कायमची दालनं फुकट आहेत, तरी ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरीची वेळ आधी नोंदवा. ब्रिटिश म्युझियममध्ये ममीच्या गर्दीत शिरण्याआधी आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं पाहा. वाघनखं व्ही अँड एमध्ये शोधू नका, ती 2024 मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आहेत. किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर चुकवू नका. बाबासाहेब 1921-22 मध्ये तिथे राहिले, आणि 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. तिथून प्रिमरोज हिल चालत जवळ आहे आणि वरून सगळं शहर दिसतं. वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल इथे संध्याकाळच्या प्रार्थनेला तिकीट लागत नाही, फक्त पूर्ण वेळ शांत बसा आणि फोटो काढू नका. विद्यापीठांची वसतिगृहं उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेरच्यांना खोल्या देतात. स्वयंपाकघर असलेलीच घ्या. पुऱ्या, चटण्या, मेतकूट खुशाल न्या. पेढे, बर्फी नको, दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत.

बाबांचे गुडघे दुखत असतील तर ग्रीनविचची टेकडी सावकाश चढा, चढ चांगलाच आहे. बसने वेळ जातो, दिवसाला दोनच ठिकाणं धरा. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत आणि तिघांना तीन वेगळी कार्डं लागतात, हे निघण्याआधी बघा. पाऊस येईलच. बाबांना उंच पाळण्यात बसायची खरंच हौस असेल तर लंडन आयचं तिकीट काढा, तिथे काटकसर नको. आणि वारा जोरात असला तर तो लाल चेंडू चढवत नाहीत, म्हणून ग्रीनविचसाठी एक जास्तीचा दिवस हाताशी ठेवा.