पुढच्या चाकाचा स्पीड सेन्सर घरच्या घरी बदलता येतो का?

हो, येतो. तुमची गाडी २०१८ ची आहे, पावसाळा संपता संपता एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागला, मेकॅनिकने स्कॅनर लावून ‘पुढचा क्लीनर साइडचा सेन्सर गेलाय’ (म्हणजे डावीकडचा) असं सांगितलं, आणि तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलावा का असं तुम्ही विचारताय. बदला. या कामात ब्रेक ऑइलची लाइन कुठेच उघडावी लागत नाही, म्हणजे ब्लीडिंगची, लाइनमधली हवा काढण्याची, भानगड नाही. एक बोल्ट, एक कनेक्टर आणि वायरच्या दोन-चार क्लिपा, एवढंच काम.

पण नवा सेन्सर घ्यायच्या आधी एक संध्याकाळ तपासणीला द्या. स्कॅनरला फक्त एवढं कळतं की त्या चाकाकडून धड सिग्नल येत नाहीये. सेन्सर मेला, वायर तुटली, उंदराने कुरतडली की कनेक्टरमध्ये पाणी शिरलं, हे त्याला सांगता येत नाही. मी यात पैसे घालवलेत म्हणून कळकळीने सांगते. मुंबईत किंग्ज सर्कलच्या पाण्यातून गाडी काढल्यावर माझाही दिवा लागला होता. गॅरेजने सेन्सर बदलून दिला आणि चौथ्या दिवशी दिवा परत हजर. शेवटी फेंडरचा प्लॅस्टिक लायनर, म्हणजे चाकाच्या वरचं आतलं आवरण, मी स्वतःच खोलला. आतल्या कनेक्टरची एक पिन हिरव्या भुकटीने माखली होती. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, जुन्या टूथब्रशने पिना घासल्या, सुकू दिलं, दिवा गेला. जुना सेन्सर चांगलाच होता.

म्हणून आधी कनेक्टर बघा, मग वायर हाताने चाचपत सेन्सरपर्यंत या. स्टिअरिंग वळताना जिथे वायर वाकते तिथे ती आतून तुटते, वरचं रबर शाबूत दिसतं. एबीएस वाचणारा स्कॅनर कुणाकडून मिळाला तर सोबत एकाला बसवून गाडी २० च्या वेगाने चालवा आणि चारही चाकांचे आकडे बघा. तीन चाकं २० दाखवतात आणि एक शून्यावर असेल, तर वायर किंवा सेन्सर. थांबता थांबता, अगदी कमी वेगात, ब्रेक पेडल उगाच थरथरत असेल तर संशय रिंगवर घ्या. सेन्सर ज्या दातेरी किंवा चुंबकी रिंगकडे बघतो तिच्यावर गंज किंवा लोखंडाचा चुरा बसलेला असतो. ऑनलाइन मिळणारे बरेच स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड वाचतात, ते इथे कामाचे नाहीत.

मल्टिमीटर लावणार असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. जुन्या पद्धतीचा सेन्सर म्हणजे आत चुंबक आणि कॉइल, त्याचा रेझिस्टन्स साधारण हजार-दीड हजार ओहमच्या आसपास येतो. आताच्या बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्टिव्ह सेन्सर असतो, त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे. त्यालाही दोनच वायरी, त्यामुळे फसायला होतं. त्याचा रेझिस्टन्स मोजून काही सिद्ध होत नाही, उलट तो बिघडू शकतो. तिथे फक्त गाडीकडून येणाऱ्या वायरीत, चावी ऑन असताना, सप्लाय येतोय का ते बघा.

सेन्सरच गेलाय अशी खात्री पटली की स्पेअर पार्टच्या बाजारात, मुंबईत असाल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाऊसला, चेसिस नंबर घेऊन जा. डाव्या-उजव्याची वायर आणि ब्रॅकेट बऱ्याचदा वेगळे असतात, नुसतं मॉडेल सांगून घेऊ नका.

आता काम. चावी बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा. आपल्याकडे पार्किंगला पेव्हर ब्लॉक असतात आणि पावसानंतर ते खालून पोकळ होतात. जॅक तिथे तिरका होऊन सटकू शकतो. जॅकखाली जाड प्लायचा तुकडा ठेवा आणि गाडी उचलली की जॅक स्टँड लावाच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. चाकाचे नट मात्र गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घ्या.

चाक काढलं की ब्रेक डिस्कच्या मागे, नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या जाड धातूच्या भागात) बसलेला सेन्सर दिसेल. बोल्ट बहुतेक १० नंबरचा. माझे वडील बेस्टच्या डेपोत फिटर होते, त्यांच्याकडून शिकलेय: गंजलेला बोल्ट सोडवायच्या आधी किंचित घट्ट करायचा, गंज करकरला की मग उलटा फिरवायचा. तो निघाला म्हणजे सेन्सर निघाला असं नाही. खरा वेळ इथेच जातो. आपल्या खाऱ्या हवेत नकलचं भोक आतून गंजून फुगतं आणि सेन्सरची प्लॅस्टिकची मान आवळून धरते. ओढू नका, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटूही नका, मान तुटून टोक आतच राहतं. चारी बाजूंनी डब्ल्यूडी-४० मारा आणि अर्धा तास चहाला जा. मग पकडीने सेन्सर ओढायच्या ऐवजी जागच्या जागी डावी-उजवीकडे फिरवा, केसाएवढा. आधी काहीच हलत नाही. मग कडेने तपकिरी पाणी यायला लागतं, आणि त्यानंतर तो हळूच फिरतो. मला पाऊण तास लागला. टोक आत तुटलंच तर ड्रिल मारू नका, मागे रिंग आहे. ते मेकॅनिककडून काढून घ्या.

रिकाम्या भोकात पॉलिश पेपर गुंडाळून फिरवा, चुरा आत पडू देऊ नका. सेन्सर जिथे टेकतो ती जागाही चकचकीत करा. तिथे गंजाचा थर राहिला तर सेन्सर रिंगपासून लांब बसतो आणि नवा असूनही सिग्नल धड येत नाही. नवा सेन्सर हातानेच बसला पाहिजे, हातोडी नाही. बोल्ट मनगटाच्या जोराइतकाच आवळा. वायर जुन्याच वाटेने, प्रत्येक क्लिपमध्ये, पीळ न पडता न्या. चाक लावायच्या आधी स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून वायर कुठे ताणत किंवा घासत नाही ना ते बघा.

बऱ्याच गाड्यांत थोडं चालवल्यावर दिवा आपोआप जातो, काहींत स्कॅनरने कोड पुसावा लागतो. तोवर फक्त पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक नेहमीसारखे लागतात, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबले तर चाकं लॉक होऊ शकतात, अंतर ठेवून चालवा. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर गाडी हलवू नका. आणि चाकाचे नट ४०-५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पान्याने आवळून बघा.