कबड्डी खेळताना मुलाचा पुढचा दात मुळासकट निघाला, तर तो परत बसतो का?

बसतो. पण बसलेला दात टिकणार की नाही, हे माझ्या खुर्चीत ठरत नाही, मैदानावरच ठरतं. मी सांगलीत दातांचा डॉक्टर आहे. शालेय स्पर्धा सुरू झाल्या की पकडीत कुणाचं डोकं, कुणाचा गुडघा तोंडावर बसलेली आठवी-नववीतली पोरं येऊ लागतात. मार बहुतेकदा वरच्या पुढच्या दातांनाच असतो.

निघालेल्या दाताच्या मुळावर पातळ, ओलसर पापुद्रा असतो. त्यातल्या जिवंत पेशीच दाताला हाडाशी धरून ठेवतात. दात सुकला की त्या मरू लागतात आणि तासभर कोरडा राहिला तर जवळजवळ संपतात. तासगावकडच्या एका पोराचा दात त्याच्या आईने साबणाने घासून, हळद लावून, कागदाच्या पुडीत बांधून आणला होता. मूळ अगदी लख्ख, पापुद्र्याचा मागमूस नाही. त्या माउलीला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर लिहितोय.

दात शोधा आणि पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती असेल तर दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुवा, घासू नका. मूल शुद्धीवर असेल तर तिथल्या तिथे दात खोबणीत सरकवा, शेजारच्या दाताकडे बघून बाजू जुळवा आणि स्वच्छ रुमाल दातांत धरायला सांगा. हे पहिल्या १५ मिनिटांत झालं तर फार उत्तम. हात धजावत नसेल तर दात थंड दुधात टाका आणि निघा. पिशवीतलं साधं दूध चालतं, ते चहाच्या गाड्यावरही मिळतं. फक्त तापलेलं नको. पाण्यात त्या पेशी फुगून फुटतात, त्यामुळे पाणी अगदी नाइलाज झाला तरच.

दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, त्याच्यामागून येणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. आणि मूल बेशुद्ध पडलं असेल किंवा उलट्या करत असेल तर दात राहू द्या, आधी मोठं हॉस्पिटल गाठा.

आमच्याकडे आल्यावर शेजारच्या दातांना तार लावून तो साधारण दोन आठवडे बांधतो, मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर त्याच सुमारास रूट कॅनॉल करतो, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारतो. उशीर झाला तरी दात फेकू नका. वाढत्या वयात इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा कृत्रिम दात, करता येत नाही, त्यामुळे तोवर तोच दात जागा आणि हाड राखतो. पण सुकलेला दात पुढे हाडाशी जखडतो. पोराचा जबडा वाढतो, हा तिथेच राहतो आणि दोन-तीन वर्षांत शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसू लागतो. मूळही हळूहळू झिजतं. हे पालकांना मी पहिल्याच दिवशी सांगतो.

दात वाचवायला दातांवर घालायच्या माउथगार्डला पोरं नाही म्हणतात, कारण चढाईत दम स्पष्ट ऐकू जायला हवा. दुकानातल्या जाड गार्डबद्दल ही तक्रार खरी आहे. दातांचं माप घेऊन केलेलं पातळ बसतं, चार-आठ दिवस सराव केला की बोलणं सुटतं. दात सरळ करायच्या तारा चालू असतील, तर दात सरकतील तसं ते नव्याने करून घ्यावं लागेल.