बागेतल्या शेडमधले रूळ का वाकतात?

प्रश्न : बागेतल्या लाकडी शेडमध्ये मी एचओ मापाची छोटी रेल्वे उभारली आहे. कडक उन्हाच्या दिवसांत रूळ बाजूला वाकतात आणि दमट हवेत इंजिन अडखळत चालते. काय करावे?

उत्तर : दोन्ही तक्रारींचे मूळ शेडमधल्या हवेत आहे. एचओमध्ये खऱ्या रेल्वेच्या तुलनेत प्रमाण १:८७ आणि रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. एवढ्याशा मार्गावर रूळ जरासा सरकला, तरी डबा घसरतो. निकेल-सिल्व्हरच्या (तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूच्या) रुळाचा ९० सेंटिमीटरचा तुकडा तापमान ३० अंशांनी वाढल्यास सुमारे अर्धा मिलिमीटर लांबतो आणि सांधे घट्ट भिडलेले असतील, तर त्याला बाजूला वाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून थंड दिवशी रूळ बसवताना प्रत्येक सांध्यात तेवढी फट ठेवावी. लाकूड मात्र उष्णतेपेक्षा ओलाव्याने अधिक हलते, हे बहुतेकजण विसरतात. तेव्हा रुळांखालच्या प्लायवूडच्या दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कापलेल्या कडांना वॉर्निश द्यावे.

इंजिन अडखळते, कारण रुळांचे तुकडे सांध्यांवर जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर मळ साचून रुळांतून इंजिनाला मिळणारा वीजप्रवाह खंडित होतो. प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार डाखावी, म्हणजे प्रवाह पट्ट्यांवर अवलंबून राहणार नाही. रूळ आणि इंजिनाची चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या सुती कापडाने पुसावीत. पॉलिशपेपर कृपया वापरू नये, कारण त्याने पडलेल्या बारीक चरांत मळ पुन्हा लवकर धरतो. छताला आतून उष्णतारोधक थर लावला, तर पुढची बरीच दुरुस्ती टळेल.