वाचकांचे प्रश्न : तारा दाबल्या तरी शिट्टी थांबत नाही

प्रश्न : माझ्या सॉलिड बॉडी (भरीव लाकडाच्या) गिटारवर दोन हंबकर, म्हणजे दोन कॉइलचे पिकअप आहेत. कमी आवाजात गिटार उत्तम वाजते. तालमीत अ‍ॅम्प वाढवून डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटवणारा इफेक्ट) लावलं की कर्कश शिट्टी सुरू होते. सगळ्या तारा तळहाताने दाबून धरल्या तरी ती चालूच राहते. ब्रिजच्या (तारा खाली जिथे टेकतात तिथल्या) पिकअपवर धातूचं कव्हर आहे. पिकअप बदलावाच लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. तारा दाबूनही शिट्टी थांबत नाही हे तुम्ही तपासलंत, तेव्हा निम्मं निदान झालेलंच आहे. अनेक जण ही साधी तपासणी न करता थेट नवा पिकअप आणतात.

अशी शिट्टी म्हणजे फीडबॅक, आणि तो दोन जातींचा असतो. पहिल्यात स्पीकरच्या आवाजाने तारा थरथरतात, पिकअप (तारांचं कंपन विद्युत सिग्नलमध्ये बदलणारं चुंबक-कॉइलचं उपकरण) तो थरथराट पुन्हा अ‍ॅम्पकडे पाठवतो आणि चक्र सुरू होतं. हा आवाज सुरात असतो, वाजवलेला स्वर बदलला की बदलतो आणि तारा दाबल्या की मरतो. अनेक वादक तो मुद्दाम काढतात. दुसऱ्यात तारांचा संबंधच नसतो. पिकअपचाच एखादा भाग सैल असतो, आवाजाच्या धक्क्याने तो चुंबकाच्या क्षेत्रात हलतो आणि पिकअप मायक्रोफोनसारखा वागू लागतो. त्या सैल भागाची नैसर्गिक कंपनसंख्या ठरलेली असते, म्हणून तुम्ही काहीही वाजवा, शिट्टी त्याच स्वरात येते. डिस्टॉर्शन बारीकसारीक सिग्नलही प्रचंड मोठा करतं. त्यामुळे क्लीन (डिस्टॉर्शन नसलेल्या) आवाजात हा दोष दडून राहतो.

हलू शकेल असं पिकअपमध्ये बरंच काही असतं. हंबकरच्या प्रत्येक कॉइलमध्ये साधारण ५,००० वेढे असतात आणि ४२ गेजची ती तार जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाडीची असते. गुंडाळी ढिली झाली असेल तर वेढे थरथरतात. खालचं चुंबक किंवा त्याला टेकलेली पट्टी ढिली असू शकते. कव्हर आणि बॉबिन (कॉइल जिच्यावर गुंडाळतात ती रिळी) यांच्यामध्ये फट राहिली असेल तर कव्हरचा पत्रा थरथरतो.

आता गुन्हेगार शोधा. कानात इअरप्लग घाला, शिट्टी येईल इतका आवाज ठेवा आणि गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. शिट्टी बंद झाली तर दोष गिटारमध्ये आहे. चालू राहिली तर पेडल किंवा अ‍ॅम्पमध्ये, त्याविषयी शेवटच्या प्रश्नात लिहिलं आहे. मग व्हॉल्यूम परत वाढवा आणि सिलेक्टर (पिकअप निवडण्याचा खटका) फिरवून कोणता पिकअप ओरडतो ते पाहा. तो ओरडत असताना कव्हर अंगठ्याने घट्ट दाबा. शिट्टीचा स्वर बदलला किंवा ती थांबली, तर कव्हर नक्की सैल आहे. आवाज कमी करून प्लास्टिकच्या पेनने पिकअपवर हलकेच टिचक्या मारून पाहा. थोडीफार टकटक चांगल्या पिकअपमधूनही ऐकू येते. पण एकाच ठिकाणी ती ठळक, घुमल्यासारखी येत असेल तर दोष तिथेच आहे.

उपाय म्हणजे पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून त्यातल्या फटी भरणे. पण एक अपवाद आधी सांगतो. पिकअप जुना आणि मौल्यवान असेल आणि कव्हरचे सोल्डरचे मूळ जोड शाबूत असतील, तर त्याला हात लावू नका. १९५०च्या दशकातल्या गिब्सनच्या मूळ हंबकरांमध्ये मेण भरलेलं नसे, आणि तशा पिकअपची किंमत तो न उघडलेला असण्यावर बरीच अवलंबून असते.

मेण भरण्याची रीत. पॅराफिन चार भाग, मधमाशांचं मेण एक भाग. ४०० ग्रॅमला १०० ग्रॅम. नुसतं पॅराफिन थंड होताना आकसतं आणि तडकतं. मधमाशांच्या मेणामुळे ते चिवट राहतं. रंगीत किंवा सुगंधी मेणबत्त्या वितळवू नका.

तारा सैल करून पिकअप काढा. वायर सोडवण्याआधी जोडणीचा फोटो घ्या. मल्टिमीटर २० किलोओहमच्या रेंजवर ठेवून कॉइलचा रोध मोजा आणि लिहून ठेवा. साध्या हंबकरचा तो साधारण ७ ते ९ किलोओहम असतो, जास्त वेढ्यांच्या पिकअपचा १३-१६ पर्यंत जातो.

मेणाचं भांडं थेट शेगडीवर ठेवू नका. मोठ्या भांड्यात पाणी घ्या, तळाशी लाकडी पट्ट्या टाका, त्यांवर मेणाचं भांडं ठेवा आणि खाली विजेची हॉटप्लेट वापरा. उघडी ज्योत नको, मेण पेट घेतं. पेटलंच तर झाकण घालून विझवा, पाणी कदापि टाकू नका. थर्मामीटर तळाला न टेकवता मेणात लटकवा आणि तापमान ६२ ते ६५ अंश सेल्सिअस राखा. ७० च्या वर गेलात तर ब्युटिरेट प्लास्टिकच्या बॉबिनचा आकार बिघडू शकतो. बॉबिन वाकली की बारीक तार तुटते आणि मग पिकअप नव्याने गुंडाळून घ्यावा लागतो.

पिकअप वायरला धरून लटकवा, तो तळाला टेकू देऊ नका. थंड पिकअप आत जाताच त्याच्याभोवती मेण गोठून पांढरा थर येतो. तो थोड्या वेळाने आपोआप वितळतो, त्यासाठी उष्णता वाढवू नका. मग बुडबुडे येऊ लागतील. ती कॉइलमधून निघणारी हवा आहे. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे साधारण १५ ते २० मिनिटं, पिकअप आत ठेवा. कव्हर असेल तर अर्धा तास द्या आणि मध्येमध्ये पिकअप तिरका करा, नाहीतर कव्हरखाली हवा अडकून राहते. घाई केली की मेण फक्त बाहेरच्या वेढ्यांवर बसतं आणि आठवड्याभराने शिट्टी परत येते. ‘मेण भरून काही फरक पडला नाही’ अशी तक्रार ऐकली की आम्ही आधी तापमान आणि वेळ विचारतो.

बाहेर काढल्यावर जादा मेण मऊ कापडाने पुसा. कॉइल उघडी असेल तर तिला कापड घासू नका. पिकअप फ्रिजमध्ये न ठेवता खोलीतच गार होऊ द्या. रोध दोन तासांनी मोजा. तांबं गरम असताना रोध जास्त दाखवतं : २० अंशांना ७.५ असलेला आकडा ६० अंशांना ८.६ च्या पुढे दिसेल, म्हणून लगेच मोजून घाबरू नका. थंड झाल्यावर मूळ आकडा परत आला पाहिजे. मीटरने उघडं सर्किट दाखवलं तर तार तुटली आहे. आधी बाहेरच्या वायरचा जोड तपासा, कारण पुष्कळदा ओढाताणीत तोच निसटलेला असतो.

परत बसवताना पिकअपखाली फोमचा तुकडा ठेवा, किंवा उंचीच्या स्क्रूवरच्या स्प्रिंगांऐवजी रबरी नळीचे तुकडे घाला. स्प्रिंगवर लटकलेला पिकअप अख्खाच हलतो.

मेणामुळे स्वर किंचित बंदिस्त होतो असं काही वादक मानतात. फरक असलाच तर थोडा असतो आणि मोठ्या गेनवर (डिस्टॉर्शन जोरात असताना) तो कुणाच्या लक्षात येईलसं वाटत नाही. तुम्ही मुख्यतः क्लीन वाजवत असाल आणि मेण नसलेल्या पिकअपचा मोकळा आवाज आवडत असेल, तर पाचेक मिनिटं बुडवून पाहा आणि तेवढ्यावर भागलं तर थांबा.

प्रश्न : फेंडर टेलिकास्टर गिटारच्या ब्रिज पिकअपला मेण भरून घेतलं, तरीही तो शिट्टी मारतो. मेण भरण्यात चूक झाली असेल का?

उत्तर : असेलही, पण टेलिकास्टरमध्ये संशयित जास्त असतात. पिकअपच्या पोटाशी एक धातूचा पत्रा मेणाने चिकटवलेला असतो. पिकअप वर काढून तो अंगठ्याने हलवून पाहा. हलला तर दोऱ्याने घट्ट बांधून पिकअप पुन्हा मेणात बुडवा आणि दोरा सगळं गार झाल्यावरच सोडा. पत्र्याला जोडलेली छोटी अर्थिंगची तार तोडू नका.

पत्रा पक्का असेल तर ब्रिजची पट्टी पाहा. पारंपरिक रचनेत ती मागच्या बाजूला चार स्क्रूंनी आवळलेली असते, पुढची कड नुसती लाकडावर टेकते. कड किंचित उचललेली असली की पट्टी थरथरते आणि तिच्यावर लटकलेला पिकअपही तिच्याबरोबर. कागदाचा तुकडा कडेखाली सरकतो का पाहा. सरकत असेल तर आधी तिथे पातळ दुहेरी चिकटपट्टी लावून वाजवून बघा. शिट्टी गेली तर कारण सापडलं. मग पुढच्या दोन कोपऱ्यांत छोटे स्क्रू घालावेत की चिकटपट्टीवरच भागवावं, हे तुम्ही ठरवा. शहानिशा न करता गिटारला भोकं पाडू नका.

प्रश्न : माझी गिटार सेमी-हॉलो (अर्धपोकळ) आहे. मोठ्या आवाजात खर्जात ‘घूं’ असा आवाज वाढत जातो, तारा दाबल्या की थांबतो. पिकअपला मेण भरू का?

उत्तर : नको, पिकअप निर्दोष आहे. इथे पोकळ अंग घुमतं आणि तारांना हलवतं. एफ-आकाराच्या छिद्रांतून आत फोम भरा किंवा छिद्रांवर बेताची झाकणं बसवा. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग छिद्रांत कापड कोंबत असत; १९८० मध्ये गिब्सनने त्यांच्या नावाची जी गिटार काढली तिला ही छिद्रंच ठेवली नाहीत. फोम काढता येईल असाच भरा, कारण क्लीन स्वराचा मोकळेपणा त्याने थोडा कमी होतो.

उरलेलं काम इक्वलायझरचं. घुमणारा स्वर बहुधा १०० ते २५० हर्ट्झमध्ये सापडतो. कंपनसंख्यांचा एकच पट्टा अरुंद ठेवून आधी वाढवा, तो हळूहळू वरखाली सरकवा, घूं सर्वांत वेगाने जिथे उठेल तिथे थांबा आणि तोच पट्टा ४ ते ६ डेसिबलने खाली आणा. सगळा बेस कापलात तर गिटार पोकळ वाजेल. अ‍ॅम्पपासून दूर सरा : अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. लहान खोलीत भिंतींमुळे फायदा कमी होतो, तिथे स्पीकरच्या सरळ रेषेतून बाजूला होणं जास्त उपयोगी.

प्रश्न : शिट्टीवर नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं उपकरण) लावला तर?

उत्तर : तुम्ही थांबता तेव्हा गेट बंद होतो आणि शांतता मिळते. लांब स्वर धरला की गेट उघडा राहतो आणि शिट्टी पुन्हा वर येते. शिवाय शिट्टीच मोठी असेल तर तीच गेट उघडा धरून ठेवते. कॉम्प्रेसर लावलेला असेल तर आधी तो बंद करून बघा. तो बारीक सिग्नल उचलतो, म्हणजे शिट्टीला मदतच करतो.

प्रश्न : पिकअपच्या खोबणीत तांब्याची पट्टी चिकटवून शिट्टी जाईल का?

उत्तर : नाही. ती पट्टी बाहेरून येणारा विद्युत गोंगाट अडवते, हलणारा पत्रा नाही.

प्रश्न : गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर असूनही ट्यूब अ‍ॅम्प किंचाळतो. आता कुठे पाहायचं?

उत्तर : आधी सगळी पेडलं काढा आणि गिटारची केबलही उपसा. तरीही किंचाळी येत असेल तर एखादी प्रीअ‍ॅम्प ट्यूब (सिग्नल सुरुवातीला वाढवणारी काचेची नळी) मायक्रोफोनिक, म्हणजे मायक्रोफोनसारखी वागणारी, झाली आहे. तिच्या आतले धातूचे भाग सैल होऊन थरथरतात. कॉम्बो अ‍ॅम्पमध्ये हे जास्त घडतं, कारण ट्यूब आणि स्पीकर एकाच पेटीत असतात.

आवाज मध्यम ठेवून प्रत्येक छोट्या ट्यूबवर लाकडी पेन्सिलने हलकेच टिचकी मारा. इनपुटजवळची पहिली ट्यूब थोडी टकटक करतेच, तिच्यामागे सगळं अ‍ॅम्पलिफिकेशन असतं. पण टिचकीनंतर ‘टणण’ असा आवाज रेंगाळला किंवा किंचाळी सुरू झाली, तर ती बदला. अ‍ॅम्प बंद करा, प्लग काढा, काच गार होऊ द्या आणि त्याच क्रमांकाची ट्यूब घाला. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये ती १२एएक्स७ असते. प्रीअ‍ॅम्प ट्यूब बदलल्यावर बायस (ट्यूबमधून वाहणारा मूळ प्रवाह) जुळवावा लागत नाही. काढलेली ट्यूब लगेच टाकू नका. पॉवर ट्यूबच्या अलीकडची फेज इन्व्हर्टरची (पॉवर ट्यूबसाठी सिग्नलच्या दोन उलट प्रती करणाऱ्या ट्यूबची) जागाही त्याच क्रमांकाची असेल तर ती तिथे पुष्कळदा गुमान चालते, कारण त्या जागेपुढे सिग्नल फारसा वाढवला जात नाही. मागच्या जाळीतून ट्यूबपर्यंत हात पोचत नसेल आणि चॅसी (सर्किटची धातूची पेटी) उघडावी लागणार असेल, तर ते काम तंत्रज्ञाकडे द्या. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही शे व्होल्ट शिल्लक असू शकतात.