कंपनीचं हँडबुक, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीच्या नियमांची पुस्तिका, लिहायला घेताय, तर आधी हे करा

इंटरनेटवरचा तयार नमुना उचलून कंपनीचं नाव टाकू नका. त्यात असे नियम असतात जे तुमच्याकडे कुणीच पाळत नाही, आणि वाद झाला की तेच कागद तुमच्यापुढे धरले जातात. आज प्रत्यक्षात काय चालतं ते आधी लिहून काढा: कामाच्या वेळा, पगाराची तारीख, नोटीस पीरियड, खर्चाची बिलं.

सगळ्यात जास्त वेळ रजा आणि तक्रारी यांना द्या. ‘रजा वेळेत कळवावी’ हे वाक्य बिनकामाचं आहे. कुणाला, मेसेजवर की ईमेलवर, किती दिवस आधी, अचानक आजारी पडलं तर काय, हे सगळं लिहा. तक्रारीसाठी नेहमी दोन नावं द्या. तक्रार साहेबांविरुद्धच असेल तर माणसाने जायचं कुठे?

मसुदा कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवाच. हँडबुक म्हणजे नोकरीचा करार नव्हे, हे त्यात स्पष्ट हवं.

प्रत्येक आवृत्तीवर क्रमांक आणि तारीख टाका, वाचल्याची सही घ्या, जुन्या प्रती जपून ठेवा. वर्षातून एकदा आणि कायदा बदलला की लगेच उजळणी करा. ही जबाबदारी एकाच व्यक्तीच्या नावावर असू द्या, नाहीतर ते काम कुणाचंच राहत नाही.